माल खपतो, गट टिकत नाही: सीमाभागातल्या गटांच्या उद्योगांचं गणित कुठे अडतंय?

मलप्रभाकाठ

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात गट करून, सहकार करून उद्योग चालवणारे पुष्कळ आहेत. नाचणीचे पापड, फणसपोळी, कोकम, काजू, खानापूरची मातीची भांडी, निपाणी-अथणीकडची चप्पल, शहापूर-वडगावच्या मागावरच्या साड्या. मी खानापूर तालुक्यातल्या काही महिला गटांच्या वह्या लिहून देते, त्यामुळे या उद्योगांचं आतलं गणित रोज समोर असतं. माल चांगला असतो, प्रदर्शनात टेबल रिकामं होतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. आणि तीन-चार वर्षांत गट थंडावतो.

अनुदान कमी पडतं म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. भाव चुकीचा लावलेला असतो. एका घाण्याचा हिशेब ठोकळ आकड्यांत मांडते.

दहा किलो नाचणीचे पापड, म्हणजे २०० ग्रॅमची ५० पाकिटं. नाचणी, उडीद, तीळ, पापडखार, मीठ, तेल मिळून ९०० रुपये. दळप १००, पाकिटं आणि लेबलं २००, जळण १५०, गाडीभाडं २००. एकूण १,५५०. पाकीट ४५ ला विकतात, हातात येतात २,२५०. वहीत 'नफा ७००' असं लिहायला सांगतात आणि सगळ्या खूश असतात.

पण सहा बायका दोन दिवस राबल्या, म्हणजे १२ दिवसांचं काम झालं. ७०० भागिले १२ केलं तर दिवसाला ५८ रुपये पडतात. कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३७० रुपये होती. तो दर धरला तर मजुरीच ४,४४० होते, एकूण खर्च ५,९९०, आणि पाकीट घरातच १२० ला पडतं. दुकानदाराचा पंचवीस टक्के वाटा धरला तर छापील किंमत १६०. त्या भावाला कोण घेणार? कोणीच नाही. म्हणून भाव ४५ च राहतो आणि उरलेला खर्च बायका आपल्या अंगावर घेतात. आधी भांगलणीच्या दिवसांत एक गळते, मग दुसरी, आणि शेवटी अध्यक्षबाई एकट्या उरतात.

हाच हिशेब वाट पण दाखवतो. लाटायचं यंत्र आणि वाळवणाची सोय झाली आणि १२ दिवसांचं काम ५ दिवसांवर आलं, तर मजुरी १,८५०, एकूण ३,४००, पाकीट ६८. दुकानात ९०-९१ आणि थेट विकलं तर ७५. यंत्राची झीज आणि हप्ता वर धरावा लागेल, पण हा भाव बाजारात उभा राहू शकतो. अनुदान कशासाठी मागायचं ते इथे कळतं. आमच्याकडे ते टी-शर्ट, बॅनर आणि उद्घाटनाच्या मांडवावर जातं.

तुमच्या भागातले अनुभव लिहा. फक्त 'मार्केटिंग कमी पडतं' एवढ्यावर थांबू नका.

कणकुंबीची

ताई, हिशेब बरोबर आहे. पण आमच्यात पापड कधी लाटतात ते पण बघा की. दुपारी जेवण-भांडी झाली की दोन तास. त्या वेळात कोण आम्हाला ३७० देतंय? घरात बसलं तर शून्यच. त्या शून्यापेक्षा ५८ बरे असं वाटतंय बायकांना. आणि खानापूरच्या बाजारात नव्वद म्हटलं की गिऱ्हाईक पाकीट उलटंसुलटं करून परत ठेवतंय.

मलप्रभाकाठ

कणकुंबीची, तुमचा मुद्दा खरा आहे. रिकाम्या दुपारचं काम म्हणूनच चालवायचं असेल तर ५८ ला कोणी नावं ठेवू नयेत. मात्र मग मोठी ऑर्डर घेऊ नये. दुकानाला दर महिन्याला ठरलेला माल देऊ म्हणून शब्द दिला की ते काम रिकाम्या दुपारचं राहत नाही. पाऊस लागला, रोप लावणी आली, तरी माल द्यावा लागतो. तेव्हा ५८ रुपयांसाठी शेतावरची मजुरी कोण सोडेल? मी पाहिलेले गट मोडले ते ऑर्डर नव्हती म्हणून नाही, मोठी ऑर्डर आल्यावर मोडले.

टिळकवाडीचा हिशेबनीस

चांगला धागा. मी करसल्ल्याचं काम करतो. या विषयात सीमाभागाची स्वतःची एक अडचण आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जीएसटीची ४० लाखांची मर्यादा सगळ्यांना पाठ असते. 'आपली उलाढाल दोन लाख, आपल्याला काय करायचंय' असं गट म्हणतात. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्यासाठी आहे. करपात्र माल राज्याबाहेर विकला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. बेळगावहून कोल्हापूर ११० किलोमीटरच्या आसपास, बंगळुरू ५०० च्या. खानापूरचा गट लोणच्याची बरणी बंगळुरूला बिननोंदणी विकू शकतो, शेजारच्या पण महाराष्ट्रातल्या चंदगडला नाही. ऑनलाइन विक्रीचंही तसंच. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन दुकानांवर माल ठेवता येतो, पण फक्त आपल्या राज्यातल्या गिऱ्हाइकासाठी. आपली माणसं, आपली चव ओळखणारं गिऱ्हाईक बहुतेक कोल्हापूर, पुणे, गोव्यात. म्हणजे ही सवलत आपल्याला निम्मीच उपयोगी.

आता दिलासा. पापडावर जीएसटी शून्य आहे. मातीची मडकी, पणत्या आणि मातीच्या मूर्तीही करमुक्त. फक्त करमुक्त मालच विकत असाल तर नोंदणीची सक्ती नाही. पापडाच्या जोडीला लोणचं, चटणी, लाडू आले आणि ते गोव्याला निघाले की चित्र बदलतं. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना आंतरराज्य विक्रीत २० लाखांपर्यंत सूट आहे, मातीच्या कलाकुसरीच्या वस्तू त्यात येतात. त्यासाठी पॅन आणि ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) मात्र हवं.

माझा सल्ला असा. ज्या गटाला महाराष्ट्र-गोव्यात विकायचंच आहे त्याने नोंदणी करून टाकावी, आणि ती साधी नोंदणी असावी. कंपोझिशन योजनेत (छोट्यांसाठीची ठोक कराची सोय) गेलात तर राज्याबाहेर माल पाठवता येत नाही. दर गटाने वेगळी नोंदणी करून वेगळा हिशेबनीस लावण्यापेक्षा आठ-दहा गटांनी मिळून एक विक्री संस्था करावी. माझ्यासारख्याची फी एका गटाला जड जाते, दहा गटांत वाटली तर जाणवत नाही.

निपाणीकर

चप्पलच्या बाजूनं लिहितो. आमच्याकडं आधी तंबाखू आणि बिडी, आणि त्याच्या जोडीला अथणी, चिकोडी, निपाणीच्या पट्ट्यात चामड्याचं काम. कोल्हापुरी चप्पलला २०१९ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते आठ जिल्ह्यांना. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. लिडकॉम आणि लिडकर, दोन्ही राज्यांची चर्म महामंडळं मिळून त्याची धनी आहेत. बाकी सगळीकडं सीमेवरून ओढाताण, आणि इथं कारागिरासाठी दोन सरकारं एका अर्जावर आली. ही गोष्ट मला लई मोठी वाटते.

२०२५ ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्या चपलेसारखी चप्पल दाखवली, बोंबाबोंब झाली, मग डिसेंबरात त्याच दोन महामंडळांशी करार केला. दोन हजार जोड, एकेक जोड आठशे युरोच्या आसपास. चांगलं झालं. पण आमच्या गल्लीतला कारागीर जोडामागं मजुरी किती घेतो हे विचारा. चामडं व्यापाऱ्याकडून उधार, माल त्याच व्यापाऱ्याला, भाव तोच ठरवणार. जीआय असून काय उपयोग, जोवर चामडं रोखीनं घ्यायची ताकद नाही?

माझ्या घरचा अनुभव सांगतो. एका मोठ्या दुकानानं माल उचलला आणि चार महिने पैसे लटकवले. तेवढ्या वेळात पुढचं चामडं घ्यायला सावकाराकडं जावं लागलं. नफा होता तो व्याजात गेला.

मलप्रभाकाठ ताई भाव म्हणतात ते खरं, पण माझ्या मते त्याच्याही आधी खेळतं भांडवल. अथणीत टोहोल्ड या नावानं बायकांच्या गटांनी चप्पल परदेशात पाठवली. तिथं डिझाइन, मापं, गुणवत्ता आणि बाजार यावर एकदम काम झालं म्हणून ते उभं राहिलं. नुसतं शिवणकामाचं प्रशिक्षण देऊन उपयोग न्हाई, शिवायला आम्हाला येतंच की.

टिळकवाडीचा हिशेबनीस

निपाणीकर, थकलेल्या पैशांबद्दल. उद्यम नोंदणी (केंद्र सरकारची लघुउद्योगांची नोंदणी) करून घ्या, फुकट होते, बचतगटालाही करता येते. मग माल बनवणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढीने व्याज. शिवाय एप्रिल २०२४ पासून आयकराचा चाप आहे. ठरलेल्या मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत दुकानदाराला तो खर्च दाखवता येत नाही. मार्च जवळ आला की या कलमाची आठवण करून देणारं साधं पत्र पाठवा. भांडणाची भाषा नको. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अर्धं काम होतं.

वडगावचा मागवाला

करार, पत्र हे सगळं ठीक, पण पत्र पाठवलं की पुढची ऑर्डर बंद होते. आमच्या मागावर हेच होतं.

निवृत्त बँकवाले काका

मी ग्रामीण शाखांत नोकरी केली आहे. निपाणीकरांचं भांडवलाचं दुखणं कर्जाने बरं होऊ शकतं, मात्र गट ते कर्ज ज्या पद्धतीने वापरतात तसं नाही.

महिला गटांना राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून (आपल्याकडे संजीवनी, पलीकडे महाराष्ट्रात उमेद) तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. इतकं स्वस्त भांडवल गावात दुसरीकडे कुठेही नाही. पण कर्ज जमा झालं की त्याच संध्याकाळी ते दहा जणींत समान वाटलं जातं. कोणी म्हैस घेते, कोणी मुलीची फी भरते, कोणी जुनं देणं फेडते. त्या गरजा खऱ्या आहेत, मी त्यांना दोष देत नाही. परंतु पापडाच्या धंद्याला त्यातला एक रुपया मिळत नाही आणि कागदावर गट 'उद्योगासाठी कर्ज घेतलेला' असतो.

म्हणून बचतीचं खातं आणि धंद्याचं खातं वेगळं करा. धंद्याच्या खात्यावर कॅश क्रेडिट मागा. माल गेला की उचल करायची, पैसे आले की भरायचे, व्याज वापरलेल्या दिवसांचं. खेळत्या भांडवलासाठी मुदतीचं कर्ज घेतलं की बिल थकलेलं असतानाही हप्ता सुरूच राहतो. बँक कॅश क्रेडिटसाठी वर्षभराची खरेदी-विक्री मागेल. इथे वही लिहिणाऱ्या माणसाचं मोल कळतं.

खाद्यपदार्थांच्या गटांनी पीएमएफएमई ही केंद्राची छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची योजनाही समजून घ्यावी. २०२० मध्ये सुरू झाली, अर्जाआधी ती अजून चालू आहे का ते विचारून घ्या. यंत्राला ३५ टक्के, दहा लाखांपर्यंत अनुदान, आणि बचतगटाच्या सभासदामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल, तेही खेळत्या भांडवलासाठी आणि छोट्या अवजारांसाठी. मलप्रभाकाठ यांच्या हिशेबात बसणारं हेच.

पुणेस्थ बेळगावकर

मी मूळ शहापूरचा, आता पुण्यात. आमचा मित्रांचा एक ग्रुप आहे, वर्षाला काही रक्कम बाजूला काढू शकतो. कंपनीच्या सीएसआरमधूनही (समाजकार्यासाठी कंपन्या देतात तो निधी) प्रयत्न करता येईल. प्रश्न असा की पैसे द्यायचे कुणाला? गटाला, ट्रस्टला, की कंपनी काढायची? सामाजिक संस्थांना पैसे उभे करता येतात त्या सोशल स्टॉक एक्स्चेंजबद्दलही वाचलंय.

टिळकवाडीचा हिशेबनीस

सोशल स्टॉक एक्स्चेंज सध्या बाजूला ठेवा. तिथे रक्कम उभी करायची तर किमान ५० लाखांपासून सुरुवात आहे, आपले गट त्या आकाराचे नाहीत.

सीएसआरचा पैसा नफा वाटणाऱ्या संस्थेला जात नाही. तो १२ए, ८०जी (आयकर खात्याकडची धर्मादाय नोंदणी) असलेल्या ट्रस्टला, सोसायटीला किंवा कलम ८ च्या, म्हणजे ना-नफा, कंपनीला जातो, आणि त्या संस्थेने सीएसआर-१ अर्ज भरलेला असावा लागतो. पण कलम ८ च्या कंपनीला सभासदांत लाभांश वाटता येत नाही. बायकांना वर्षाअखेरी नफ्यातला वाटा हवा असेल तर उत्पादक कंपनी (माल बनवणारेच जिचे सभासद असतात ती) किंवा सहकारी संस्थाच हवी. बऱ्याच ठिकाणी म्हणून दोन घरं करतात. प्रशिक्षण, डिझाइन, तपासणी याचा खर्च ट्रस्टकडे आणि खरेदी-विक्री उत्पादक कंपनीकडे. दोघांच्या वह्या काटेकोर वेगळ्या हव्यात.

आपल्यासाठी आणखी एक. उत्पादक कंपनी केंद्राच्या कंपनी कायद्याखाली, त्यामुळे चंदगडचा काजूवाला आणि खानापूरचा काजूवाला एकाच कंपनीत सभासद होऊ शकतात. दहा उत्पादक पुरे होतात. सहकारी संस्था दोन्ही राज्यांत करायची तर २००२ चा बहुराज्य कायदा लागतो, प्रत्येक राज्यातून किमान ५० जणांच्या सह्या लागतात.

मलप्रभाकाठ

पुणेस्थ दादा, मनापासून सांगते, यंत्र देऊ नका. यंत्र द्यायला सगळे पुढे येतात, त्याच्यावर नावाची पाटी लागते. तालुक्यात धूळ खात पडलेल्या गिरण्या आणि शेवयांची यंत्रं मी दाखवीन. तीन वर्षं एका माणसाचा पगार द्या. दहा गटांच्या वह्या, बिलं, वसुली, दुकानांचे फोन हे सगळं करणारी गावातलीच पदवीधर मुलगी. पहिल्या वर्षी पूर्ण पगार, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्या वर्षी एक तृतीयांश, बाकीचा गटांनी विक्रीतून काढायचा. चौथ्या वर्षी गट तिला ठेवतात का, यावरून धंदा उभा राहिला की नाही ते कळेल. केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेतही व्यवस्थापन खर्चाला तीन वर्षांसाठी १८ लाखांपर्यंत तरतूद ठेवली ती याच कारणाने.

आणि पैसे देताना आधी गटाची भावाची वही मागा. नसेल तर ती करून घ्या, मग पैसे.

हुदलीजवळचा

सगळे 'स्वतःच्या पायावर' म्हणताय, म्हणून वेगळं लिहितो. आमच्या शेजारी हुदली. १९३७ मध्ये गांधी सेवा संघाच्या अधिवेशनाला गांधीजी तिथे आले होते. खादीची सहकारी संस्था १९५४ पासून आहे, आजही सूत निघतं, कापड विणलं जातं, लोणचंही करतात. इतकी वर्षं गावातल्या बायकांना घराजवळ काम मिळतंय. खादीला सरकारी सवलतीचा आधार आहे, तो काढला तर हिशेब बसणार नाही. म्हणून हा उद्योग अयशस्वी म्हणायचा का? म्हाताऱ्या, एकट्या, अपंग बायकांना काम देणाऱ्या संस्थेकडून बाजारातल्या कारखान्यासारखा नफा मागणं मला अन्याय वाटतो.

निवृत्त बँकवाले काका

पटलं. पण मग आधार किती आणि कशासाठी ते उघड लिहावं. कापडाचा तोटा आणि समाजकार्याचा खर्च एकाच खात्यात मिसळला की दहा वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही की भोक कुठे आहे.

मलप्रभाकाठ

हुदलीजवळचा, मी तुमच्या बाजूची आहे. सत्तरीची बाई दिवसाला चार तास बसून काम करते, तिचा वेग तरुण मुलीइतका नसणार. तो फरक देणगीतून भरावा आणि वहीत तसाच लिहावा. मात्र पंचविशीतल्या धडधाकट बाईच्या ५८ रुपयांना समाजसेवा म्हणून झाकू नये.

निपाणीकर

आणखी एक गोष्ट राहिली. २०२२ च्या डिसेंबरात आणि परत २०२५ च्या फेब्रुवारीत तणावामुळं दोन्ही राज्यांच्या एकमेकांकडं जाणाऱ्या बस थांबल्या. आमचा कोल्हापूरचा माल बसच्या पार्सलनं जायचा, तो पडून राहिला. आता आम्ही निम्मा माल हुबळी-धारवाडकडं लावलाय. कन्नड गिऱ्हाईक पण मापाला आणि टिकाऊपणाला तेवढंच चोखंदळ हाय. एकाच बाजूच्या बाजारावर बसू नका, एवढंच सांगतो. तिकडचं शिकायचं तर हुबळीचं देशपांडे फाउंडेशन छोट्या उद्योजकांसाठी कार्यक्रम घेतं, जाऊन बघा.

टिळकवाडीचा हिशेबनीस

त्यावरून लेबलाचं सांगतो. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागते, तिच्याशिवाय दुसऱ्या भाषा घालायला मोकळीक आहे. नुसतं मराठी लेबल नियमात बसत नाही. कर्नाटकात बनून इथेच विकल्या जाणाऱ्या मालावर कन्नडही हवं, राज्य सरकारने २०२५ मध्ये तसा आदेश काढला आहे. म्हणून एकच लेबल करा: इंग्रजी, कन्नड, मराठी. तिन्ही बाजारांत चालतं आणि छपाई एकदाच होते. वजन, तयार केल्याची तारीख, छापील किंमत आणि तक्रारीसाठी फोन विसरू नका. गोव्यातली दुकानं हे नसलं तर माल आतच घेत नाहीत.

कणकुंबीची

आमच्या बायकांना हा धागा वाचून दाखवला. पहिल्यांदा सगळ्या गप्प, मग दोघी-तिघी म्हणाल्या, आपण दुकानाचं नाव काढायचंच नाही, थेट विकूया. खानापुरात ४५ चा भाव ५५ करायचा ठरलंय. आणि म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात ८० ला लावून बघायचंय, तिथे नाचणीला मागणी आहे म्हणतात. लाटायच्या यंत्रासाठी अर्ज भरायला काका मदत करतील तर बरं होईल. अडचण एकच, चोर्ल्याच्या घाटातून चाळीस-पन्नास पाकिटांसाठी वेगळी गाडी परवडत नाही.

वडगावचा मागवाला

बेळगावहून भाजीच्या गाड्या रोज गोव्याला जातात ओ ताई. म्हापशाला जाणाऱ्या एका गाडीवाल्याला मी ओळखतो, खोक्यामागे पैसे घेतो, वर ठेवून नेतो म्हणजे पापड मोडत नाहीत. गुरुवारी रात्री जांबोटी फाट्यावर माल द्यायला जमेल का तेवढं सांगा, बोलून ठेवतो.

कणकुंबीची

जमतंय. खोकी दोन असतील.